पडद्यावरचे हात

मी एक थापी आहे. गवंडी ज्या लोखंडी पात्याने भिंतीवर सिमेंटचा माल मारतो आणि मग तो सारखा करतो, ती. हार्डवेअरच्या दुकानात तारेला ओवून टांगलेल्या माझ्या बहिणी तुम्ही पाहिल्या असतील. आम्हां थाप्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. पण माझ्यामुळे एक सात वर्षांची मुलगी स्वतःच्या आईच्या हाताला घाबरू लागली होती. तो हात त्या आईला कसा परत मिळाला, आणि त्यात दोष कुणाचा होता, हे सांगायला मी बोलते आहे.

माझा जन्म मालेगावचा. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या कमानपाट्यातून तिथल्या लोहाराने मला घडवलं. भट्टीत लाल केलं, ठोकून ठोकून पातळ केलं आणि बाभळीची मूठ बसवली. नव्वद साली गेणू मिस्त्रीने मला निवडलं. गेणू निफाडजवळच्या एका खेड्यातला गवंडी. दुकानातल्या पाच-सहा थाप्या त्याने दगडावर वाजवून पाहिल्या आणि मला उचलून दुकानदाराला म्हणाला, "ही द्या. हिचा आवाज चांगला हाय."

गेणूच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकत नव्हतं. तरुणपणी त्यावर वीट पडली होती. त्यामुळे मला धरलं, की ते बोट वरच राहायचं. त्याच्या पकडीने हळूहळू माझ्या मुठीवर खळगे पडले. अंगठ्याचा एक, बोटांचे तीन. चौथा पडलाच नाही. दुसरा हात मी कधी पाहिलाच नव्हता. मला वाटायचं, माणसाचा हात असाच असतो.

नव्व्याण्णव साली नाशिकच्या केबलवर एक कार्यक्रम सुरू झाला. 'आपलं घर, आपले हात'. दर शनिवारी सकाळी साडेदहाला. घरातली गळती, ओल, भेगा, करकरणारी दारं आपली आपण कशी दुरुस्त करायची, ते त्यात दाखवत. कार्यक्रम सादर करायचे महेशदादा. उंच, सावळे, बाह्या दुमडलेला निळा शर्ट. बोलणं असं, की ऐकणाऱ्या बाया गॅस बारीक करून ओट्यापासून बाहेर यायच्या. "घर आजारी पडतं, पण ते तुमच्यावर रुसत नाही," ते म्हणायचे. "भिंतीला आधी हात लावा. कुठे दुखतंय ते ती स्वतः सांगते." आजवर नळाचा वायसरसुद्धा न बदललेली माणसं ते ऐकून पान्हा शोधायला उठायची.

आता आतली गोष्ट सांगते. महेशदादांना खिळा ठोकता येत नव्हता.

चेहरा आणि आवाज त्यांचा होता. पण कॅमेरा हातांजवळ गेला, की ते हात गेणूचे असायचे. गेणूला तसाच निळा शर्ट शिवला होता. मनगटावर महेशदादांचं घड्याळ बांधायचे. चित्रीकरणाच्या शेडमध्ये उभारलेल्या भिंतीसमोर महेशदादा दोन वाक्यं बोलून बाजूला व्हायचे आणि त्यांच्या जागी गेणू मला घेऊन उभा राहायचा.

"काका, ते बोट जरा खाली घ्या की," कॅमेरा चालवणारा झुंबर सुरुवातीला म्हणायचा.

"ते खाली येत नाय बाबा," गेणू हसून म्हणायचा. "दादालाच सांग, तू तुझं बोट वर कर."

आणि खरोखर महेशदादा बोलताना ते बोट वर धरायला शिकले.

गेणूला याचं वाईट वाटायचं का? मला तरी तसं कधी जाणवलं नाही. संध्याकाळी घड्याळ सोडून परत देताना तो म्हणायचा, "घ्या दादा तुमची येळ." दोघं मिळून एकच चहा कपात आणि बशीत वाटून घ्यायचे. महेशदादा माणूस वाईट नव्हता. एवढंच, की कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दोन हजार एकच्या श्रावणात गेणूला ताप आला आणि दोन दिवसांत तो गेला. बातमी आली तेव्हा महेशदादा शेडमध्ये सिमेंटच्या गोणीवर बसून रडले. मी घमेल्यात पडले होते. पात्यावर शेवटच्या दिवसाचा माल तसाच वाळला होता. आठवड्याने गेणूच्या बायकोचा, कुसाबाईचा निरोप आला. "ह्यांची थापी तेवढी लवकर धाडा. लोखंड तसं ठेवू नका." निरोप झुंबरने घेतला. मग शंभरावा भाग जवळ आला आणि त्या धांदलीत तो राहून गेला.

कार्यक्रम थांबला नाही. दोन वर्षांच्या टेपा होत्या. महेशदादा नवं बोलायचे आणि मध्ये गेणूचे जुने हात जोडले जायचे. गेणू मातीत गेल्यावरही दर शनिवारी त्याचे हात नाशिकच्या घराघरांत भिंतींना गिलावा करत होते.

शंभराव्या भागासाठी बक्षीस जाहीर झालं होतं. ज्याचं पत्र सगळ्यांत चांगलं, त्याला खुद्द महेशदादांची थापी. ते पत्र मोहिनीचं निघालं.

मोहिनी सिडकोत दोन खोल्यांच्या घरात राहायची. नवरा धनराज अंबडच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मुलगी तृप्ती दुसरीत. मोहिनी कार्यक्रम बघताना वही-पेन घेऊन बसायची आणि सिमेंटला वाळू किती, चाळायची कशी, सगळं उतरवून घ्यायची. तिचं पत्र महेशदादांनी टीव्हीवर वाचून दाखवलं: "दादा, मला आधी घराची भीती वाटायची. काही मोडलं की वाटायचं, आता कुणाच्या पाया पडायचं? तुमचे हात बघून ती भीती गेली. माल लावताना तुमचं एक बोट वर राहतं. कणीक मळताना मीही तसं करून बघते."

वाचता वाचता महेशदादांचा आवाज अडकला. बघणाऱ्यांना वाटलं, भरून आलं.

सोनेरी कागदातून मोहिनीने मला बाहेर काढलं आणि उजव्या हातात धरलं. तिचा हात लहान होता, गेणूच्या निम्मा. तरी तिची बोटं त्या खळग्यांत बसली. करंगळीशेजारचं बोट आपोआप वर राहिलं.

मला इतकं बरं वाटलं! सव्वा महिना मी कुणाच्या हातात नव्हते.

तिने पहिलं काम घेतलं ते मोरीच्या भिंतीचं. ओलीने तिचे पोपडे सुटले होते. मोहिनीने ते खरवडले, वही बघून माल कालवला आणि मला उचललं. त्यानंतर तिने वही बघितली नाही. माल भिंतीवर जाऊन बसला तो चिकटलाच. घमेल्याच्या काठावर मला दोनदा आपटायची, डाव्या मनगटाला कड पुसायची, पुन्हा माल घ्यायची. धनराज कामावरून आला आणि भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "कोण गवंडी बोलावला?"

"मीच केलं."

"चल, काहीतरीच."

"अहो खरंच. महेशदादांचा हातगुण आहे थापीला."

मग शेजारणी बोलवू लागल्या. कुणाचा ओटा, कुणाच्या खिडकीची चौकट. "मोहिनीताई म्हणजे आमच्या लाइनीतले महेशदादा," असं म्हणून हसायच्या. मोहिनी लाजायची. तिला ते आवडायचं. मलाही.

एका शनिवारी मी टीव्हीसमोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होते. साडेदहा वाजले. मोहिनी तृप्तीला घेऊन पलंगावर बसली होती. महेशदादा बोलले आणि मग पडद्यावर हात आले. त्या हातात मी होते. मी मला पाहिलं. गेणूने माल उचलला, मनगट वळवलं. त्याच क्षणी पलंगावर मोहिनीचं मनगट वळलं. गेणूने कड पुसली. मोहिनीचा उजवा हात तिच्या डाव्या मनगटावरून फिरला. तिचे डोळे पडद्यावर होते. हात काय करतो आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. तृप्ती मात्र टीव्ही सोडून आईच्या हाताकडे बघत होती.

तिथून घरात सगळं थोडं थोडं बिघडत गेलं.

मोहिनीच्या भाकरीला सगळी लाइन नावाजायची. आता ती भाकरी थापायला बसली, की हात पिठाला फटका मारून ते परातीच्या काठाकडे ओढायचा. भाकरी चौकोनी होऊ लागली, काठ तासल्यासारखे. धनराज म्हणाला, "फरशी बसवतेस का?" पहिल्यांदा दोघं हसले. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

मग वेणीची सकाळ आली. तृप्ती शाळेच्या गणवेशात आईसमोर पाठ करून बसली होती. मोहिनीने डाव्या हाताने केस धरले, उजव्या हाताने सारखे करायला घेतले आणि पोर किंचाळली.

"काय झालं गं? गुंता आहे का?"

"आई, तुझा हात टोचतो."

"माझा हात कसा टोचेल, राणी?"

तृप्ती मागे वळली. आईचा तळवा तिने बोटाच्या टोकाने चाचपला. सिमेंटने उलावा तसा तो खरबरीत झाला होता. ते बोट ताठ उभं होतं. ती हळूच म्हणाली, "हा नको. हा तुझा नाहीये. तो दुसरा लाव."

मोहिनीने त्या दिवशी एका हाताने कशीबशी रिबीन बांधली. मुलगी गेल्यावर दार लावून घेतलं आणि ते बोट ओट्यावर टेकवून वाकवायला बसली. घाम फुटला, पण बोट वाकलं नाही. डॉक्टरने बघितलं, हाडात काही नाही म्हणाला. तृप्ती आता तिच्या उजव्या बाजूला झोपेनाशी झाली. घास डाव्या हाताने भरव म्हणू लागली. मोहिनीने कामं घेणं बंद केलं, मला कापडात गुंडाळून फळीवर ठेवलं. तरी हात सुटला नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरी हत्यारं धुऊन पुजतात. मोहिनीने मला घासून पाटावर ठेवलं. पेपरमध्ये आलेला महेशदादांचा फोटो कापून माझ्यामागे उभा केला. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. हात जोडून म्हणाली, "महेशदादांची थापी, माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर. माझा हात मोकळा कर."

गेणू गेल्यानंतरच्या पहिल्या पुजेला माझ्यावर भलत्याचं नाव घेतलं गेलं. लोखंडाला राग येत नाही असं मी समजत होते. कुंकू माझ्या पात्यावर संध्याकाळपर्यंत ओलंच राहिलं. आणि त्या दिवसापासून मोहिनीचं मनगटही आखडलं.

दिवाळीनंतर महेशदादा स्वतः आले. प्रेक्षकांच्या घरी जाऊन चित्रीकरण करायचं होतं. मोहिनीने घर लख्ख केलं होतं. त्यांना दारात बघून तिला क्षणभर सगळ्याचा विसर पडला.

"या ना दादा. चहा घेणार ना आधी?"

"घेऊ वहिनी. आधी तुमचं काम दाखवा. आज मी शिकतो, तुम्ही शिकवा."

स्वयंपाकघरातल्या एका भेगेपुढे मोहिनी उभी राहिली. झुंबरने कॅमेरा तिच्या हातांवर नेला. तिने मला घमेल्याच्या काठावर दोनदा आपटलं, माल घेतला, मनगट वळवलं, कड पुसली.

झुंबरने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. "दादा," तो म्हणाला, "हे गेणूकाका आहेत."

"कोण गेणूकाका?" मोहिनीने विचारलं.

झुंबर महेशदादांकडे बघू लागला. मोहिनीने आपला उजवा हात महेशदादांपुढे धरला. "दादा, हे बोट वाकत नाही. माझी मुलगी मला हात लावू देत नाही. मी तुमच्या नावाने पूजा केली. काय असेल ते सांगा. मी रागावणार नाही."

महेशदादांनी ते बोट पाहिलं आणि ते खाली फरशीवर बसले. "वहिनी, मला यातलं काहीच येत नाही. टीव्हीवरचे हात गेणू मिस्त्रींचे होते. थापी त्यांची. तुमचं पत्र आलं तेव्हा त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते."

"मग गेल्या शनिवारी?"

"जुनी टेप."

मोहिनी भिंतीला टेकली. आतल्या खोलीच्या दारात तृप्ती उभी होती. "आणि त्यांचं नाव?" मोहिनीने विचारलं. "शंभर भागांत एकदाही घ्यावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं. दर वेळी वाटलं, पुढच्या शनिवारी घेऊ."

मग झुंबरने कुसाबाईचा राहून गेलेला निरोप सांगितला. महेशदादांनी मला उचलायला हात पुढे केला. त्यांनी मला कधीच धरलं नव्हतं. बोटं मुठीला लागली मात्र, त्यांचं ते बोट टणकन वर उठलं. त्यांनी मला टाकून दिलं आणि किती तरी वेळ हात शर्टाला पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी धनराजने रजा टाकली. एसटीने तिघं निफाडला आणि तिथून रिक्षाने कुसाबाईच्या गावी गेली. कुसाबाई दारातच होती. वाळकी, ताठ म्हातारी. मोहिनीने सगळं सांगितलं. कुसाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आण तो हात."

तिने मोहिनीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ताठ बोटावरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले. "शेजारच्या टीव्हीत दिसायचं हे बोट. मी आख्ख्या गावाला सांगायची, ह्ये आमच्या ह्यांचे हात हायेत. लोक हसायचे."

मला वाटलं, आता ती गेणूला हाक मारील. मीही वाट बघत होते. माझीही खात्री होती, की गेणू इथेच आहे, मोहिनीच्या हातात, म्हणून मला एकटं वाटत नाही.

कुसाबाईने तो हात उचलून आपल्या गालावर ठेवला. डोळे मिटले. मग सावकाश हात खाली घेतला.

"ह्ये ते नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ते गेले, पोरी. सुखानं गेले. माझ्या गालावर फिरायचा तो हात मऊ होता. कामावरून आले का आधी कोमट पाण्यात हात बुडवून बसायचे, मंग मला हात लावायचे. ह्या हातात ते नाय. ह्यो नुसता कामाचा हात हाय." तिने माझ्याकडे बोट केलं. "ही धरून बसलीय. हिला दुसरं काय येतच नाय. आमच्यात धनी गेला का थापी मातीत पुरत्यात. पहिल्या खंडेनवमीला काढायची, मंग नव्या हातात द्यायची. मातीत राहिली का लोखंड इसरतं. तुमी हिला इसरूच दिलं नाय."

तेव्हा मला कळलं. गेणू श्रावणातच निघून गेला होता. इतके दिवस जो हात जिवंत होता, तो मी जिवंत ठेवला होता, दुसऱ्या बाईच्या मनगटावर. त्या पोरीला घाबरवलं ते मी.

"आता पुरली तर?" धनराजने विचारलं.

"आता उशीर झाला, नुसतं पुरून भागायचं नाय; कुणी उकरली का परत धरील. हिनं दोन हात चाखले." कुसाबाई आत गेली. घराची मागची भिंत बिनगिलाव्याची, विटा उघड्या. नाशिकभर भिंतींना गिलावा करणाऱ्या माणसाला आपली राहून गेली होती. तिने मधली एक वीट काढली. "भिंतीत घाल. सिमेंटनं नाय, मातीनं. आन थापी लावायची नाय, तळहातानं लिंप. तुझ्याच."

मोहिनीने मला त्या पोकळीत ठेवलं. मी सुटत नव्हते, खोटं का बोलू? तिची तीन बोटं माझ्या खळग्यांत अडकून बसली. धनराज पुढे झाला, तशी कुसाबाई म्हणाली, "तू नको. दुसरा हात नको हिला." मग तृप्ती पुढे आली. कुणी सांगितलं नव्हतं. तिने आईची बोटं एकेक करून माझ्यावरून सोडवली. ज्या हाताला ती महिनाभर शिवली नव्हती, त्याला दोन्ही मुठींत धरून ओढलं.

"आईचा आहे तो," ती मला म्हणाली. "दे."

मी दिला.

मग ओल्या मातीचे गोळे आले, पहिला, दुसरा, तिसरा. उजेड गेला. मातीपलीकडे मोहिनीचा तळवा फिरत होता. आधी तो फटके मारत होता, कड ओढत होता. हळूहळू ओबडधोबड झाला, कुठे जास्त माती, कुठे कमी. शिकाऊ बाईचा हात. तसलं वाईट लिंपण माझ्या आयुष्यात मी पाहिलं नव्हतं. मग मातीवर चार बोटं टेकली. चारही वाकलेली.

पुढच्या शनिवारी शेजारच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून आला. महेशदादा गेणूचं नाव घेत होते, गावासकट. गावातली माणसं कुसाबाईच्या दारात जमली.

याला आता आठ वर्षं होतील. दुपारी कुसाबाई या भिंतीला पाठ टेकून बसते. ती म्हणते, या भिंतीला भेग पडते आणि आठ दिवसांत आपोआप बुजते. येणारे जाणारे कौतुक करतात. ती करत नाही. उठताना भिंतीला म्हणते, "गप बस."

मी प्रयत्न करते. मातीत राहून पुष्कळ विसरले. मालेगावची भट्टी विसरले, गेणूचा आवाज विसरले. पकड तेवढी जात नाही.

तिचा पुतण्या हे घर पाडून स्लॅबचं बांधायचं म्हणतो. विटांमध्ये बाभळीच्या मुठीची एक जुनी थापी सापडेल. चांगलं लोखंड आहे, कुणालाही उचलावीशी वाटेल. बाबांनो, मला उघड्या हाताने धरू नका. फडक्यात धरा, खोल खड्डा करून पुरा आणि पुन्हा कधी काढू नका. मी वाईट नाही. पण माझा आता माझ्यावरही भरवसा नाही, आणि तुमच्या घरीही वेणी घालून घ्यायला कुणी तरी बसलेलं असेल.